अंडें, केळें आणि मधुपर्क

मांसाहार बरा कीं शाकाहार, हा प्रश्न वाचकांकडून आमच्याकडे वर्षांतून दोनदां तरी येतो, आणि त्याचें उत्तर विचारणाराला बहुधा आधींच ठाऊक असतें. म्हणून ह्या खेपेस आम्ही तो दिवाणखान्यांतून उचलून सेमाडोहास नेणार आहों.

परतवाड्याहून धारणीकडे जाणारी वाट मेळघाटाचे डोंगर चढून सिपना नदीच्या कांठीं सेमाडोहास येते. सभोंवार सागाचें अरण्य आणि आसपास कोरकूंचीं गांवें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका वकील स्नेह्यांसह आम्ही तिकडे गेलों असतां एका अंगणवाडींत सहज डोकावलों. मुलें पंगतीनें बसलीं होतीं. प्रत्येकाच्या ताटलींत एक उकडलेलें अंडें. एका मुलीपुढें मात्र केळें.

वकीलसाहेबांनीं भुवया चढविल्या. "गुरुजी, सरकारनें हा उद्योग कधींपासून आरंभिला?"

तें सेविकाबाईंच्या कानीं गेलें. त्या शांतपणें म्हणाल्या, "साहेब, ह्यांच्या घरीं कोंबड्या आहेत, पण घरचें अंडें बाजारांत जातें. इथलें अंडें पोटांत जातें." त्या मुलीच्या घरीं माळ घातलेली आहे, म्हणून तिला केळें, हेंही त्यांनींच सांगितलें.

हा उद्योग म्हणजे अमृत आहार योजना. 2015 सालीं ती आदिवासी भागांतील गर्भवती व स्तनदा मातांसाठीं निघाली, आणि 2016 पासून लहान मुलांस अंडें किंवा केळें देण्याची तींत सोय झाली. मेळघाटांतील बालमृत्यूंची वार्ता 1993 सालीं सर्वत्र पसरली होती, हें जुन्या वाचकांस स्मरत असेल. एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम प्रथिनें असतात, शिवाय ब-12 हें जीवनसत्त्व असतें, जें वनस्पतिजन्य अन्नांत मिळत नाहीं. आपल्या घरांत त्याची भरपाई दूध-दह्यानें होते. ज्या घरीं दुधाचा रतीब नाहीं, त्यानें ती कशानें करावी? केळ्याची निंदा आम्हांस करावयाची नाहीं, परंतु केळ्यांत प्रथिनें जेमतेम ग्रॅमभर. तेव्हां माळकऱ्याच्या त्या मुलीसही नुसतें केळें पुरेसें नाहीं. तिला दूध, चणे किंवा भुईमुगाचे दाणे मिळाले पाहिजेत. शाकाहाराचा कैवार घेणारांनीं आधीं ह्यासाठीं भांडावें.

पूर्वीं ह्या लोकांस रानांतील शिकारीचा थोडाबहुत आधार होता. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, 1974 सालीं मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, आणि शिकारीस बंदी आली. ती योग्यच होती. वाघ राहिला पाहिजे. पण वाघ पाहावयास सुटींत मोटारी घेऊन जातों आपण, आणि त्याच्यासाठीं ताटांतला घांस सोडला तो कोरकूंनीं, ही गोष्ट आपल्या बोलण्यांत फारशी येत नाहीं.

मांसामुळें पृथ्वीचें तापमान वाढतें, असें हल्लीं पुष्कळ वाचावयास मिळतें. त्यांत तथ्य आहे. राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेनें 2013 सालीं मानवनिर्मित उष्णताधारक वायूंपैकीं 14.5 टक्के वांटा पाळीव जनावरांचा धरला होता. मात्र त्या हिशेबांत दुभतीं जनावरेंही आहेत. आपलें श्रीखंड त्यांतून सुटलेलें नाहीं. तसेंच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 2015 सालीं प्रक्रिया केलेलें मांस कर्करोगास कारण ठरविलें. डबाबंद मांस रोज खाणारांनीं तिकडे लक्ष द्यावेंच. सेमाडोहच्या मुलाच्या एका अंड्याशीं त्याचा संबंध काय?

पुढें नोव्हेंबर 2023 मध्यें राज्यांतील शाळांच्या दुपारच्या जेवणांतही आठवड्यास एक अंडें द्यावें, न खाणारांस केळें द्यावें, असें ठरलें. त्यावर पुष्कळ काहूर उठलें. जानेवारी 2025 मध्यें सरकारनें त्यासाठीं पैसा देणें थांबविलें. हवें तर शाळांनीं लोकवर्गणीतून करावें, म्हणून सांगितलें. डोंगरांतल्या शाळेनें वर्गणी कोणाकडे मागावी?

आम्ही स्वतः जन्मभर अंडें शिवलों नाहीं, यापुढेंही शिवणार नाहीं. घराण्याचा आचार आहे, तो आम्हांस प्रिय आहे. पण आपला आचार दुसऱ्याच्या लेकराच्या ताटावर लादण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

परततांना वकीलसाहेबांनीं शास्त्राचा आधार विचारला. आम्ही त्यांस भवभूतीच्या उत्तररामचरिताचा चौथा अंक सांगितला. भवभूति हा आपल्या विदर्भाचा म्हणून आपण अभिमान बाळगतों. पण ह्या अंकाचा आरंभ शिकवितांना आम्ही स्वतःच वर्षानुवर्षें घाई करीत असूं, हें कबूल केलें पाहिजे. वाल्मीकींच्या आश्रमांत वसिष्ठ येतात, तेव्हां त्यांच्या मधुपर्कासाठीं कालवड मारली जाते. त्याच दिवशीं जनक येतो. त्यानें मांस वर्ज्य केलेलें, म्हणून त्याचा मधुपर्क केवळ दह्यामधाचा. सौधातकि नांवाचा थट्टेखोर शिष्य ह्यावर प्रश्न विचारतो, आणि त्याचा सहाध्यायी दांडायन त्याला समजावितो कीं मांस खाणारास एक विधि, सोडलेल्यास दुसरा. आश्रम एकच, आणि दोन्ही पाहुणे सारखेच पूज्य.

वकीलसाहेब घाट उतरेपर्यंत कांहीं बोलले नाहींत. परतवाड्यास आल्यावर त्यांनीं त्या नाटकाची आमची प्रत मागून घेतली. ती अद्याप परत आलेली नाहीं.