तरंगांचा धडा सास्तूरपासून सुरू करा

अनुतरंग म्हणजे स्प्रिंग, अवतरंग म्हणजे दोरी. एवढं पाठ झालं की मार्क पडतात. लोहारा तालुक्यात विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून हक्कानं सांगतो : धाराशिव जिल्ह्यात तरी हा धडा सास्तूरपासून सुरू व्हायला हवा.

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. 6.2 तीव्रतेच्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गाडली गेली.

त्या पहाटे जमिनीखालून दोन्ही तरंग आले. आधी प्राथमिक, म्हणजे अनुतरंग : सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेग, खडकाचे कण तरंगाच्याच दिशेनं पुढंमागं होतात, आवाजासारखे. मागून दुय्यम, म्हणजे अवतरंग : वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास, कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात. हे दोन तरंग नोंदींमध्ये वेगळे ओळखले रिचर्ड ओल्डहॅम यांनी, तेही आपल्याच देशातल्या 1897 च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून.

आता गणित करा. केंद्र 20 किलोमीटरवर धरलं, तर पहिला तरंग सव्वातीन सेकंदांत पोचतो, दुसरा पावणेसहा सेकंदांत. मधे जेमतेम अडीच सेकंद. तेवढ्यात गाढ झोपेतला माणूस अंथरुणातून उठतही नाही. दूरच्या शहराला धोक्याची सूचना मिळू शकेल. केंद्रालगतच्या गावाला नाही. भूकंप कधी येणार याचे मेसेज फिरवण्यापेक्षा आपली भिंत बघावी, ती यासाठी.

खालून वर येणारा अवतरंग जमीन आडवी हलवतो. मातीत रचलेली दगडी भिंत माळवदाचं ओझं खाली पेलते, पण आडवा हिसका तिला सोसत नाही. आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि माळवद खाली येतं. आरपार जाणारे दगड आणि दारा-खिडक्यांवरून घरभर फिरवलेला सळईचा काँक्रीट पट्टा भिंतींना एकत्र बांधून ठेवतो. भूकंपानंतर हे सगळं सांगून झालंय. तरी वाढीव खोली बांधताना खर्च वाचवायचा म्हटलं की आधी पट्टाच गळतो.

बोर्डाच्या परीक्षेत हे आलं नाही तरी चालेल. घरी बांधकाम निघालं आणि पोरानं गवंड्याला विचारलं, ‘काका, पट्टा कुठाय?’ की समजावं, धडा कळला.