संशय : रसविघ्न की रसाधार? ('द टर्न ऑफ द स्क्रू'विषयीच्या मतभेदांच्या निमित्ताने)

अतिमानुष घटनांवर आधारलेल्या रहस्यप्रधान कादंबरीविषयी वाचकांत मतभेद झाले, की ते रुचिभेदाच्या खात्यावर मांडून मोकळे होण्याची प्रथा समीक्षेत रूढ आहे. कोणाला भुताखेतांच्या कथा आवडतात, कोणाला आवडत नाहीत. मग वाद कसला, अशी त्यामागील भूमिका असते. परंतु काही साहित्यकृतींबाबतचा मतभेद आवडीनिवडीचा नसतो; कृतीत प्रत्यक्षात काय घडले याविषयीच तो असतो. अशा वेळी रुचिभेदाचे उत्तर ही समीक्षेची पळवाट ठरते. हेन्री जेम्स यांची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही लघुकादंबरी या प्रकारच्या मतभेदाचे ठळक उदाहरण आहे.

जानेवारी ते एप्रिल १८९८ या काळात 'कोलिअर्स वीकली' या साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली. एका पाद्र्याची वीस वर्षांची मुलगी ब्लाय येथील जुन्या वाड्यात माइल्स व फ्लोरा या दोन पोरक्या भावंडांची गव्हर्नेस म्हणून येते. मुलांचा काका लंडनमध्ये राहतो. आपल्याला कोणत्याही कारणासाठी त्रास द्यायचा नाही, ही त्याची अट. वाड्याच्या बुरुजावर, खिडकीबाहेर, तळ्याकाठी या शिक्षिकेला दोन आकृती दिसू लागतात : पूर्वीचा नोकर पीटर क्विंट आणि पूर्वीची शिक्षिका मिस जेसेल. दोघेही मृत. ही भुते मुलांना आपल्याकडे ओढीत आहेत आणि मुले ते लपवीत आहेत, अशी तिची खात्री होते. शेवटी माइल्सकडून कबुली घेण्याच्या प्रयत्नात तो तिच्या मिठीतच प्राण सोडतो. ही सर्व हकीकत तिच्याच हस्तलिखितातून कळते; तिला छेद देणारा दुसरा निवेदक नाही.

वाचकांचा एक पक्ष ही भुते खरी मानतो. त्याच्याजवळ भक्कम पुरावा आहे. क्विंटचे नावही ठाऊक नसताना शिक्षिका त्याचे इतके नेमके वर्णन करते, की घरव्यवस्था पाहणारी मिसेस ग्रोस त्याला तत्काळ ओळखते. शिवाय प्रास्ताविकात डग्लस तिच्या चारित्र्याची ग्वाही देतो. रॉबर्ट हाइलमन यांनी १९४७-४८ मधील लेखांतून या पक्षाची बाजू सर्वांत समर्थपणे मांडली. त्यांच्या मते ही सुष्ट-दुष्टांच्या चिरंतन संघर्षाची कथा आहे.

दुसऱ्या पक्षाच्या मते भुते शिक्षिकेच्या मनात आहेत. एडना केंटन यांनी १९२४ मध्ये आणि एडमंड विल्सन यांनी १९३४ मध्ये हा अर्थ मांडला. विल्सन यांनी फ्रॉइडच्या आधारे शिक्षिकेच्या दडपलेल्या वासनेकडे बोट दाखविले. या पक्षाचाही पुरावा दुबळा नाही. तळ्याकाठी शिक्षिका बोट दाखवून ओरडत असताना शेजारी उभ्या असलेल्या मिसेस ग्रोसला काहीच दिसत नाही. फ्लोराही काही पाहिल्याचे साफ नाकारते. भुते दिसल्याचे शिक्षिकेखेरीज कोणीही स्पष्टपणे सांगत नाही.

लेखकाच्या हेतूकडे धाव घेऊनही हा तंटा मिटला नाही. जेम्स यांच्या टिपणवह्या १९४७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी सांगितलेल्या एका भूतकथेची जानेवारी १८९५ मधील नोंद त्यांत आढळली आणि विल्सन यांनी आपले मत काहीसे मवाळ केले. पुढे क्विंटचे वर्णन शिक्षिकेला गावातून मिळाले असावे, असा युक्तिवाद जॉन सिल्व्हर यांनी १९५७ मध्ये केला आणि १९५९ मध्ये विल्सन पुन्हा मूळ मताकडे वळले. एकाच समीक्षकाचे मत दोनदा फिरावे, यावरून संहितेचे स्वरूप लक्षात येते. त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये या दोलायमानतेलाच अद्भुत साहित्याचे लक्षण ठरविले. या कादंबरीत ती अखेरपर्यंत टिकून राहते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

तोदोरोव यांच्या उपपत्तीने वाद शमल्यासारखा वाटतो. पण एक प्रश्न उरतोच. वाचकाला अखेरपर्यंत दोलायमान ठेवणारी कृती त्याला भयाचा अखंड प्रत्यय कशी देते? या प्रश्नाच्या उत्तरासाठी भारतीय काव्यशास्त्राकडे वळणे सयुक्तिक ठरेल. अभिनवगुप्तांनी 'अभिनवभारती'त सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांतील पहिले संभावनाविरह, म्हणजे वर्ण्य घटना शक्य कोटीतील न वाटणे. अतिमानुष कथेवरील नेहमीचा आक्षेप तो हाच. परंतु सातवे विघ्न येथे अधिक महत्त्वाचे आहे. ते म्हणजे संशययोग. एकच विभाव वा अनुभाव अनेक स्थायी भावांशी संबद्ध असू शकतो. अश्रू आनंदाचे असतील किंवा डोळ्यांच्या विकाराचेही. वाघ भयाला कारण होईल तसा क्रोधालाही. यावर अभिनवगुप्तांचे उत्तर असे, की सुटा घटक अनिश्चित असला तरी विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांची एकत्रित सामग्री निश्चित असते. म्हणून संयोगाने संशय फिटतो.

'द टर्न ऑफ द स्क्रू'मध्ये सुटे घटक तर द्व्यर्थी आहेतच. मुले क्विंटचे नाव काढीत नाहीत : हे मौन अपराधाचे की अजाणतेपणाचे? मुले अतिशय गुणी वागतात : हा निष्पापपणा की बतावणी? मरणापूर्वी माइल्स क्विंटचे नाव घेतो आणि त्याला लागूनच निर्भर्त्सनेचा एक शब्द उच्चारतो. तो भुताला उद्देशून की शिक्षिकेला, हे वाक्यावरून ठरत नाही. पण येथे सामग्री एकत्र केल्यावरही घटनांच्या कारणाविषयीचा संशय फिटत नाही. मग हा रसभंग मानावयाचा काय?

तसे मानण्याचे कारण नाही. येथील संशय कारणाविषयी आहे, स्थायी भावाविषयी नाही. भुते खरी मानणारा वाचक भुतांपायी मुलांचे काय होईल म्हणून भितो. ती भ्रम मानणारा वाचक शिक्षिकेच्या हातून त्यांचे काय होईल म्हणून भितो. भयाचे आलंबन बदलते, भय बदलत नाही. आणि दोन्ही वाचनांत संकटात असतात ती दोन मुलेच. दोन्ही अर्थांची सामग्री एकाच स्थायी भावात विसावते, म्हणून संशय येथे विघ्न न राहता रसाचा आधार बनतो. याचा पडताळा रंगभूमीवर मिळतो. बेंजामिन ब्रिटन यांच्या १९५४ मधील ऑपेरात भुते रंगमंचावर येऊन गातात. मूळ कृतीत ती एक शब्दही बोलत नाहीत. त्यांना कंठ लाभताच त्यांच्या अस्तित्वाविषयीचा संशय बराचसा ओसरतो आणि भयाचे एकच आलंबन ठळक होते.

या दृष्टीने पाहता उभय पक्षांच्या वादातील एक उणीव नजरेत भरते. एक पक्ष शिक्षिकेची वकिली करतो, दुसरा तिचे रोगनिदान करतो. दोहोंच्या लेखी मुले ही केवळ साक्षीपुराव्याची सामग्री उरते. शोशाना फेलमन यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की निश्चित अर्थ पकडू पाहणारा समीक्षक शिक्षिकेचीच कृती गिरवीत असतो. हे मान्य करूनही पुढे जावे लागेल. संदिग्धतेचे कौतुक करणारा तिसरा पक्षही त्या मुलाच्या मृत्यूकडे अर्थाच्या खेळातील एक चाल म्हणूनच पाहू लागतो. कादंबरी मात्र त्या मृत्यूवरच थांबते. प्रारंभी ज्या श्रोतृवर्गापुढे हे हस्तलिखित वाचले जाते, त्याच्याकडे ती शेवटी परत जात नाही. सांत्वन करणारा वा निवाडा देणारा कोणताही आवाज जेम्स यांनी शिल्लक ठेवलेला नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या भय-गूढ लेखनाला मोठा वाचकवर्ग लाभला. अभ्यासक्रमात आणि समीक्षेत मात्र या प्रकाराला वळचणीचीच जागा मिळाली. असे साहित्य अंधश्रद्धा पोसते, हा आक्षेप घेतला जातो. समर्थक त्याला रंजकतेचे व खपाचे उत्तर देतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये ज्या राज्यात झाला, तेथे हा आक्षेप हलका मानता येणार नाही. बाधा उतरविण्याच्या नावाखाली बालकांचे हाल झाल्याच्या वार्ता येथील वाचकाला अपरिचित नाहीत. परंतु नेमक्या याच ठिकाणी जेम्स यांची कादंबरी आक्षेपकाला निरुत्तर करते. शिक्षिका दुष्ट नाही. तिला मुलाला वाचवावयाचे आहे. भुते असोत वा नसोत, मुलाच्या 'नाही'ला तिच्या लेखी अर्थ नसतो, कारण तिचा निर्णय आधीच झालेला असतो. अशा खात्रीची किंमत लहान मूल कसे मोजते, हे ही कथा दाखविते. अंधश्रद्धेवर याहून मर्मभेदी भाष्य क्वचितच आढळेल, आणि ते भूतकथेच्या रूपातच शक्य झाले आहे.

म्हणून अतिमानुष कादंबरीचे मूल्यमापन करताना वाचकाचा भुतांवर विश्वास आहे की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. कोणी काय पाहिले, ते कोण सांगत आहे, आणि निर्माण झालेले भय अखेर कोणासाठी आहे, हे तीन प्रश्न संहितेला विचारावयास हवेत. ज्या कृतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, ती केवळ धक्के देणारी मानावी; ज्या कृतीत ते सापडते, तिला साहित्याच्या मुख्य दालनात जागा द्यावी. वर्गात विद्यार्थ्यांचे दोन तट पडले, तर अध्यापकाने कौल देण्याची घाई करू नये. प्रत्येक तटाला प्रतिपक्षाच्या सर्वांत बळकट पुराव्याचा अर्थ लावावयास सांगावे. ते करताना, दोन्ही तटांना ज्याच्याविषयी भय वाटले तो मुलगा एकच आहे, हे विद्यार्थ्यांच्या आपोआप ध्यानात येईल.