मागून येणाऱ्याचे कर्तव्य

भाऊच्या धक्क्याहून सुटलेली रो-रो नौका तासाभराने मांडव्याच्या जेटीला लागते, तिची फळी खाली उतरते, आणि तिच्या उदरात दाटीवाटीने उभी असलेली वाहने एकामागून एक धक्क्यावर येऊन अलिबागच्या दिशेने मार्गस्थ होतात. २०२० सालच्या मार्च महिन्यात ही सेवा सुरू झाली आणि मुंबईहून पनवेल, पेण, वडखळ अशी प्रदक्षिणा घालून शंभर किलोमीटरांच्या आसपास पडणारा, खड्ड्यांनी आणि खोळंब्यांनी जीव मेटाकुटीस आणणारा प्रवास समुद्रमार्गे सुसह्य झाला, ही गोष्ट कोणीही कृतज्ञतेने मान्य करील. परंतु शंभरावर वाहने एका वेळी वाहून आणण्याची क्षमता असलेल्या या नौकेने मांडव्याच्या किनाऱ्याला एक नवीन प्रश्नही आणून दिला आहे. ज्या रस्त्यावर पूर्वी वाहने विरळ आणि आपापल्या सवडीने येत, त्या रस्त्यावर ती आता तांड्यातांड्याने येतात. आणि तासभर नौकेवर स्वस्थ बसून आलेला चालक जमिनीला चाक लागताच अशा काही अधीरतेने पुढच्या गाडीच्या पाठीशी भिडतो की, पुढच्याने ब्रेकवर नुसता पाय ठेवला तरी अनर्थ ओढवावा.

हा रस्ता कसा आहे, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना अधिक सांगावयास नको. धोकवडे, झिराड, चोंढी, थळ अशा वस्त्यांमधून तो वळणे घेत जातो. दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गडगे थेट डांबराच्या कडेपर्यंत आलेले, कोठे घराचा ओटा रस्त्याला लागलेला, कोठे शाळा सुटलेली, कोठे मासळीची पाटी घेऊन उभी असलेली बाई मिनीडोरची वाट पाहत थांबलेली. आवास, सासवणे, किहीम या गावांकडे वळणारे फाटे मध्येच फुटतात आणि त्या फाट्यांवरून दुचाकीस्वार अवचित मुख्य रस्त्यावर येतात. हा दुपदरी ग्रामरस्ता आहे, द्रुतगती महामार्ग नव्हे, आणि त्यावरचा पहिला हक्क त्याच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असलेल्या लोकांचा आहे. त्या लोकांच्या उंबरठ्यावरून जाताना मागील मोटारीचा कर्णा अखंड वाजत राहावा, तिचे प्रखर दिवे पुढील चालकाच्या आरशात पुनःपुन्हा लखलखावेत आणि दोन गाड्यांमध्ये एका गाडीपुरतीही जागा उरू नये, हे दृश्य शनिवारी-रविवारी येथे इतके नित्याचे झाले आहे की, त्याविषयी संताप येण्याचीही सवय मोडत चालली आहे.

आणि या सगळ्या आटापिटीचे फलित काय? मांडवा ते अलिबाग हे अंतर सुमारे वीस किलोमीटर. सरासरी ताशी चाळीस किलोमीटर वेगाने ते अर्ध्या तासात कापले जाते. हीच सरासरी पन्नासावर नेणे कोणाला साधले, तर चोवीस मिनिटे लागतील. म्हणजे सहा मिनिटांची बचत, आणि तीही कागदावरची. कारण वाहने तांड्याने निघालेली असतात, एका गाडीला मागे टाकले तरी पुढे आणखी चाळीस-पन्नास गाड्या तशाच रांगेत असतात, आणि चोंढीच्या नाक्यावर सर्वांना एकत्र येऊन थांबावेच लागते. उलट पक्षी, पुढच्या गाडीला चिकटण्यात जे पणाला लागते त्याचाही हिशेब मांडता येतो. धोका डोळ्यांना दिसणे, मनाने तो ओळखणे आणि पाय ब्रेकवर पडणे या तीन क्रियांना सावध आणि निरोगी माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. तेव्हा पुढच्याने आणि मागच्याने सारख्याच जोराने ब्रेक लावले असे गृहीत धरले, तरी केवळ ब्रेक लागण्यापूर्वी मागची गाडी सतरा ते पंचवीस मीटर अंतर चालून गेलेली असते. तेवढी मोकळीक मध्ये नसेल, तर त्या चालकाचे कौशल्य, त्याच्या गाडीची किंमत आणि तिच्या ब्रेकांची उत्तमता यांपैकी काहीही कामास येत नाही. पावसाने भिजलेल्या रस्त्यावर तर थांबण्यास लागणारे अंतर आणखी पुष्कळ वाढते. आणि या किनाऱ्यावर गेटवे ऑफ इंडियाहून येणाऱ्या प्रवासी लाँचा पावसाळ्यात बंद राहिल्या, तरी रो-रो हवामान अनुकूल असेल तोवर चालू असते, म्हणजे ऐन आषाढ-श्रावणातही हा तांडा ओल्या रस्त्यावर उतरत असतो.

मला या प्रकारात सर्वांत अधिक खटकणारी गोष्ट निराळीच आहे. हा चालक ज्या नौकेतून नुकताच उतरला, ती नौका त्याच तासाभरात एका अत्यंत विवेकी कायद्याच्या अधीन राहून मुंबईचे बंदर ओलांडून आली. सागरावर जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जी आंतरराष्ट्रीय नियमावली ठरली आणि १९७७ साली अमलात आली, तिचा तेरावा नियम मागून येऊन पुढे जाऊ पाहणाऱ्या जहाजाविषयी आहे. पुढील जहाजापासून दूर राहण्याची संपूर्ण जबाबदारी मागून येणाऱ्यावर आहे, मग ते जहाज कितीही मोठे, कितीही वेगवान किंवा कितीही निकडीच्या कामावर निघालेले असो. आपण मागून येणारे आहोत की नाही याविषयी कोणा नाविकाच्या मनात संदेह असेल, तर आपण मागून येणारेच आहोत असे त्याने मानावयाचे. आणि ही जबाबदारी पुढील जहाजाला संपूर्णपणे ओलांडून निर्वेध अंतरावर पोचेपर्यंत त्याच्या माथ्यावरून उतरत नाही. बंदराच्या तोंडाशी मासेमारीची होडी, तेलाचे प्रचंड जहाज, प्रवासी लाँच आणि नौदलाचे गलबत यांची एकच गर्दी असते. ती निभावते ती असल्या नियमांच्या आणि ते पाळण्याच्या नाविकांच्या अभ्यासाच्या जोरावर. जो प्रवासी वरच्या मजल्यावर बसून समुद्र न्याहाळीत आला, त्याच्या सुरक्षिततेची हमी हीच शिस्त होती. जेटीच्या फाटकाबाहेर पडताच ती शिस्त आपल्याला लागू नाही, असे त्याला कोणत्या न्यायाने वाटते?

वस्तुतः जमिनीवरचा कायदाही याहून निराळे सांगत नाही. पुढील वाहन एकाएकी मंद झाले अथवा थांबले, तरी टक्कर होणार नाही इतके अंतर मागील चालकाने राखले पाहिजे, असे रस्त्यांविषयीच्या १९८९ च्या विनियमांत स्पष्टपणे नमूद होते, आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या विनियमांतही ते कर्तव्य कायम आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ अन्वये धोकादायक रीतीने वाहन चालविणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. ब्रिटनमध्ये २०१३ सालापासून पोलिसांना असल्या चालकास जागच्या जागी दंड करण्याची मुभा आहे. जर्मनीत वेगाच्या आकड्याच्या निम्म्या मीटरांइतके अंतर राखावे असा दंडक आहे आणि अंतर मोजून दंड वसूल केला जातो. आपल्याकडे हेल्मेट नसलेला स्वार पकडला जातो, चुकीच्या जागी उभी केलेली गाडी उचलून नेली जाते. पण दुसऱ्याच्या पाठीला भिडून चालल्याबद्दल कोणास दंड झाल्याचे सहसा ऐकू येत नाही. केंद्र शासनाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि एकंदर अपघातांपैकी एकपंचमांशाहून अधिक अपघात वाहनाने वाहनाला मागून धडक दिल्याचे होते. इतक्या मोठ्या संख्येच्या मुळाशी असलेल्या कसुराकडे आपण एक वाईट खोड म्हणून पाहतो आणि गुन्हा म्हणून पाहत नाही, हा आपल्या अंमलबजावणीतला मोठाच दोष होय.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. समुद्राची हवा खात, गप्पा मारीत, रस्त्याच्या मधोमध ताशी वीस किलोमीटर वेगाने रांगणारा पर्यटकही दोषी नाही काय? निःसंशय दोषी आहे. मागच्याला ओलांडून जावयाचे असताना मुद्दाम वेग वाढविणे किंवा त्याची वाट अडविणे कायद्याने निषिद्ध आहे. शक्य तितके डाव्या बाजूने चालावे, हेही प्रत्येक चालकास शिकविलेले असते. मोसमात पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला लटकलेल्या दिसताच कोणतीही पूर्वसूचना न देता जागीच गाडी उभी करणारे महाभाग वडखळ-अलिबाग रस्त्यावर कार्ले खिंडीच्या पुढेमागे हमखास भेटतात, आणि त्यांच्यामुळे मागच्यांचा जीव धोक्यात येतो. कांदा अवश्य घ्यावा, २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते योग्यच झाले. पण डावीकडचा दिवा पुरेसा आधी लावून आणि गाडी डांबराखाली उतरवून. तथापि पुढच्याचा दोष मागच्याला अंतर मोडण्याचा परवाना देत नाही. पुढचा जितका बेभरवशाचा, तितके मागच्याचे अंतर अधिक असावयास हवे. येथे नेमके उलट घडते.

आता प्रश्न उरतो तो पुढे असलेल्या आणि स्वतःचा काहीही अपराध नसलेल्या चालकाने काय करावे, हा. सागरी नियमावलीतील सतराव्या नियमात याचे उत्तर मला सापडते. ज्या जहाजाला वाट देणे दुसऱ्याचे कर्तव्य आहे, त्याने आपली दिशा आणि आपला वेग कायम ठेवावा, असे तो प्रथम सांगतो. परंतु दुसरा आपले कर्तव्य करीत नाही असे दिसून आले, तर टक्कर टाळण्यासाठी त्यानेच हालचाल करावी, असेही तो पुढे सांगतो. आपला हक्क खरा होता एवढे समाधान घेऊन बुडण्याची मुभा समुद्र कोणालाही देत नाही. रस्त्यावरही हेच आचरण शहाणपणाचे आहे. मागच्याच्या दडपणाखाली वेग वाढवू नये. कारण आपण वाढविला की तोही वाढवितो आणि अंतर होते तेवढेच राहते. त्याऐवजी आपल्या आणि आपल्या पुढच्या गाडीमधले अंतर हळूहळू वाढवावे. हे प्रथम विपरीत वाटेल, परंतु पुढे मोकळी जागा असली की आपल्याला एकाएकी ब्रेक लावण्याचा प्रसंग येत नाही, आणि मागच्याचे अविचारी सान्निध्य आपल्याच दूरदृष्टीने थोडेफार निर्धोक होते. मग जेथे रस्ता रुंद असेल, एखाद्या गावाचा थांबा किंवा पेट्रोलपंपाचे मोकळे आवार असेल, तेथे वेळेवर इशारा देऊन, वेग सावकाश उतरवीत डावीकडे व्हावे आणि त्याला जाऊ द्यावे.

येथे पुष्कळांचा अभिमान आडवा येतो. मी का बाजूला व्हावे, मी नियमाने चाललो आहे, असे म्हणून काही जण हट्टाने मध्यभाग धरून बसतात, आणि काही तर मागच्याला धडा शिकविण्यासाठी मुद्दाम ब्रेक दाबतात. या दुसऱ्या कृत्याचा मी तीव्र निषेध करतो. मागच्या गाडीत कोण बसले आहे, याची आपल्याला काहीच कल्पना नसते. त्या घाईमागे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पोचविण्याचा रोगी असू शकतो, निजलेली मुले असू शकतात, आणि चालक केवळ उद्दाम असला तरी त्याच्या शेजारी बसलेली माणसे निरपराध असतात. शिवाय दोघांच्या या द्वंद्वात चेंगरण्याचा संभव असतो तो बहुधा तिसऱ्याचाच, कडेने सायकल ढकलीत चाललेल्या माणसाचा. वाट दिल्याने आपली प्रतिष्ठा कणभरही उणावत नाही. त्याच्याकडे रोखून पाहू नये, हातवारे करू नयेत. रात्री त्याचे दिवे डोळ्यांवर येत असतील, तर आतील आरसा कलता करावा. तो ओलांडून गेल्यावरही आडवा येऊन थांबवू लागला, तर निर्जन जागी उतरून त्याच्याशी वाद घालीत बसू नये. गाडीची दारे बंद ठेवून वस्तीच्या दिशेने जावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. मांडव्याला सागरी पोलीस ठाणे आहे, तेथे क्रमांकासह तक्रार नोंदविण्यास नागरिकांनी संकोच करू नये.

परंतु व्यक्तीच्या संयमावर सर्व भार टाकून यंत्रणेने स्वस्थ राहावे, हे मला मान्य नाही. तांडा ज्या कारणाने उत्पन्न होतो, ते कारण जेटीवरच आहे, म्हणून उपायही तेथूनच व्हावयास हवा. नौका चालविणाऱ्यांनी आणि महाराष्ट्र सागरी मंडळाने जेटीच्या फाटकातून वाहने दहा-दहांच्या गटाने, मध्ये मिनिट-दोन मिनिटांचे अंतर ठेवून सोडण्याची तजवीज करावी. शेवटच्या गाडीला त्याने दहा-पंधरा मिनिटे अधिक लागतील, पण रस्त्यावर श्वास घेण्यास जागा राहील. परतीच्या प्रवासात नौका चुकेल या धास्तीने गाड्या धावतात, म्हणून आरक्षणाच्या तिकिटावर सुटण्याच्या वेळेइतक्याच ठळक अक्षरांत अलिबागहून निघण्याची वेळ छापावी. सार्वजनिक बांधकाम खात्याने मांडवा ते चोंढी या टापूत, जागा असेल तेथे, मागच्याला वाट देण्यापुरते चार-पाच रुंद कट्टे बांधावेत. आणि नौकेवरचे प्रवासी तासभर रिकामेच असतात. त्यांना उतरण्यापूर्वी मराठीतून आणि हिंदीतून इतकेच सांगावे की, पुढची गाडी एखाद्या माडाजवळून गेली की मनात सावकाश ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणा, तेवढ्यात तुम्ही त्या माडाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात, आणि पाऊस असेल तर ‘एकशे चार’पर्यंत मोजा. यांपैकी कट्ट्यांखेरीज कशालाही नवे अंदाजपत्रक लागत नाही. तेव्हा येत्या पावसाळ्याचा पहिला तांडा ओल्या रस्त्यावर उतरण्यापूर्वी सागरी मंडळाने फाटकावरचा बंदोबस्त तरी सुरू करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.