मालकी आधी, भागीदारी मग

आज ९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन. गडचिरोलीत रेला नाचला जाईल, पालघरात तारपा घुमेल, नंदुरबारात ढोल वाजतील. आदिवासींनी हा दिवस वाजतगाजत साजरा करावाच. सरकारने मात्र तो हिशेब देण्याचा दिवस मानावा.

१९८२ साली याच तारखेला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी समूहांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक भरली होती. पुढे २००७ साली मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण इथले सगळेच नागरिक मूलनिवासी आहेत ही आपली अधिकृत भूमिका कायम राहिली. तो वाद आज बाजूला ठेवू. त्याहून मोठी गोष्ट आपल्या संसदेने आदल्याच वर्षी करून ठेवली होती.

डिसेंबर २००६ मध्ये संमत झालेल्या वनहक्क कायद्याची प्रस्तावना प्रत्येक अधिकाऱ्याने एकदा तरी वाचावी. सरकारी वने आखताना, इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही, पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांच्या हक्कांची पुरेशी नोंदच झाली नाही आणि त्यातून त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी स्पष्ट कबुली तिथे आहे. सगळे खापर परक्या राज्यकर्त्यांवर फोडून मोकळे होण्याचा मोह संसदेने टाळला, याचे मोल आम्हाला फार वाटते. कॅनडाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ११ जून २००८ रोजी संसदेत उभे राहून आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांबद्दल माफी मागितली आणि जगभर तिची चर्चा झाली. आपली कबुली त्याआधीची. तिच्या जोडीला जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य करण्याची कायदेशीर जबाबदारीही सरकारने स्वतःवर घेतली होती.

ती जबाबदारी पार पडायला काय काय लागते, हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या छोट्या गावाने दाखवले. जमीनदारी गेली तेव्हा इथले जंगल वनखात्याकडे आले आणि घरगुती गरजांसाठी जंगल वापरण्याचा पूर्वापार हक्क, म्हणजे निस्तार, अटींत अडकला. जिल्ह्यातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारावर स्वस्तात कागद कारखान्याला जाई; गावकऱ्याला कुडाला आणि कुंपणाला लागणाऱ्या बांबूसाठीही खात्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध लढा उभा राहिला, त्यातून हे गाव बोलू लागले. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय लावून घेतली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मेंढ्याला मिळाला. देशात तो सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी हे एक.

हक्क मिळाला, तरी बांबू विकता येईना. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते आणि २००६ च्या कायद्याने गौण वनोपज. खाते जुन्या कायद्याला धरून बसले आणि माल जंगलाबाहेर नेण्याचा परवाना देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि त्यांनी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या कागदावर आजवर वनखात्याची सही लागत होती, त्यावर आता गावाची सही चालू लागली. बांबू कुणाला विकायचा, तोडीची मजुरी किती, कोणत्या भागाला विसावा द्यायचा, हे गाव ठरवू लागले. व्यापारी तोच राहिला, पण आता तो गावाच्या अटी ऐकायला येऊ लागला. आर्थिक भागीदारी म्हणतात ती इथून सुरू होते.

पुढे गडचिरोलीतल्या हजाराहून अधिक गावांना असे सामूहिक हक्क मिळाले. अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. उन्हाळ्यात पहाटे उठून बायामाणसे पाने तोडतात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. पावसाआधी हातात येणाऱ्या या रोकडीवर बियाणे, शाळेचा खर्च आणि लग्नाचे देणे भागते. पण बाजार दयामाया जाणत नाही. २०१७ साली पानाचे भाव भडकले, पुढच्याच हंगामात ते कोसळले, आणि काही ठिकाणी ठेकेदारांकडची येणी थकली. त्याच २०१७ मध्ये या पानावर १८ टक्के जीएसटी लागला. तो ५ टक्क्यांवर यायला २०२५ उजाडले. बोली लावणारा हा बोजा धरूनच भाव सांगणार, हे उघड आहे. ग्रामसभेला हंगामापुरते खेळते भांडवल सहज मिळावे, पाने चार महिने राखायला गोदाम असावे, करारनामा वाचून देणारा वकील असावा, एवढी व्यवस्था झाली तर पडत्या भावात विकण्याची पाळी येणार नाही. गावाच्या हाती हक्क देऊन सरकारने बाजारात मात्र त्याला एकटे सोडले आहे.

खरी कसोटी खाणीत आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर माडियांचा ठाकुरदेव आहे, जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे आणि आता जिल्ह्याला पोलादाचे केंद्र करण्याच्या घोषणा होत आहेत. इथल्या तरुणांना काम हवे आहे, रस्ते आणि दवाखाने हवे आहेत, आणि जंगलाच्या नावाने त्यांना कायम गरिबीत ठेवण्याचा हक्क शहरातल्या कुणालाही नाही. आमचा आक्षेप क्रमाला आहे. आधी खाणीचा पट्टा, मग यंत्रे आणि शेवटी गावाशी चर्चा, असा तो क्रम असतो. २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली होती; २०२२ च्या नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर, तीही राज्याच्या भरवशावर, अशी उलटापालट केली. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने यावर हरकत घेतली होती. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभांना विचारले गेले, आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तो नकार सरकारने मानला. देश बुडाला नाही.

नफ्यातला वाटा देण्याची कल्पनाही नवी नाही. १९९७ च्या समता निकालात आदिवासी भागातल्या खाणींच्या निव्वळ नफ्यातला किमान २० टक्के वाटा तिथल्याच विकासासाठी काढून ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात खाणधारकांकडून रॉयल्टीच्या ठरावीक टक्क्यांइतकी जादा रक्कम जमा होते आणि अनुसूचित क्षेत्रात त्याच्या आराखड्यांना ग्रामसभेची मान्यता लागते. गडचिरोलीत ही मान्यता कशी घेतली गेली, कोणत्या गावात कोणत्या दिवशी सभा झाली आणि तिथे कोण काय बोलले, हे सरकारने जाहीर करावे. यापुढे खाणीचा कोणताही प्रस्ताव गावापुढे येईल तेव्हा खनिज किती निघणार, नफा कुणाला किती, पाणी कुठल्या नाल्याचे जाणार आणि खाण संपल्यावर डोंगराचे काय होणार, हे पट्ट्यावर सही होण्याआधी गोंडी-माडियात समजावून सांगावे. आणि ठराव विरोधात गेला तर फाईल तिथेच थांबवावी.