मुळी आमची, मालकी कुणाची?

पुसदच्या आंध पाड्यांवर, बंजारा तांड्यांवर हगवणीला कुड्याची साल, खोकल्याला अडुळसा देणाऱ्या आयाबायांचे ज्ञान कोणत्या पोथीत आले? मनुस्मृतीने वैद्याचे अन्नही निषिद्ध ठरविले. तथागतांनी मात्र भिक्खूंना हिरडा, आवळा औषध म्हणून घेण्यास संमती दिली. हळदीचे अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते लेखी पुराव्याच्या बळावर. आता जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट दिली. म्हणजे ग्रंथाचे नाव सांगून कंपनी मोकळी, मुळी वेचणारी उपाशी! बांधवांनो, गावच्या जैवविविधता नोंदवहीत आपले ज्ञान नोंदवा. आणि सिकलसेलसाठी मुळीच्या भरवशावर राहू नका. रक्त तपासा, दवाखान्यातील औषध हक्काने मागा.