सरहद्दीवरचे बाडमेर आणि आपल्या दुकानातील ‘अजरख’

हुडकेश्वरच्या आमच्या दुकानात हल्ली गिऱ्हाईक ‘अजरख’ नाव घेऊन मागते. माल दाखविणे सोपे आहे. तो कोठला व कोणाच्या हातचा, हे सांगणे अवघड. म्हणून ज्या गावाच्या नावावर हे कापड खपते, त्या बाडमेरची थोडी ओळख व्यापारी बंधूंना करून द्यावी असे वाटले.

बाडमेर हे पश्चिम राजस्थानातील वाळवंटी शहर. २०११ च्या जनगणनेत वस्ती साधारण एक लाख. पाऊस वर्षाला जेमतेम २५ ते ३० सेंटीमीटर. येथून रेल्वेने सुमारे १२० किलोमीटरवर मुनाबाव स्टेशन, आणि पुढे सरहद्द ओलांडली की सिंध. १९४७ पूर्वी हा एकच मुलूख व एकच बाजार होता. गुरेराखे अजरखची लुंगी, पटका, खांद्यावरची चादर वापरीत. १९६५ च्या लढाईत रेल्वे बंद पडली. २००६ साली थार एक्स्प्रेस सुरू झाली, पण २०१९ मध्ये तीही थांबली. पलीकडचे गिऱ्हाईक गेले आणि अलीकडच्या खेड्यांत स्वस्त टेरिकॉट पोहोचले.

तरी हुनर मेला नाही. कापड प्रथम सोडा व एरंडेल तेलात मळतात, हिरड्यात भिजवितात. चुना-डिंकाने पांढऱ्या रेषा राखतात. भंगार लोखंड व गूळ आंबवून काळा रंग, तुरटीच्या ठशावर लाल, आणि निळीची बुडी. डझनावर टप्पे होतात. अस्सल जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंनी ठसे मारतात. शेजारच्या कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर खत्री कारागिरांनी अजरखपूर हे नवे गावच वसविले, कारण जुन्या गावचे पाणी रंगाला चालेना. आज हे कापड मोठ्या शहरांत व परदेशांत जाते.

आता मुद्द्याची गोष्ट. पॉवरलूमच्या कापडावर स्क्रीनने तीच नक्षी उठवितात आणि ‘हातछपाई’ म्हणून विकतात. भाव निम्म्याहून कमी. स्क्रीनचा माल विकणे गुन्हा नाही. गरीब गिऱ्हाइकालाही हौस असते. पण त्याला हातचा माल म्हणणे ही दगाबाजी आहे. मालातील ऐब सांगूनच सौदा करावा, हा तर आपल्या दीनचा हुकूम.

पारख अवघड नाही. ठशाचा जोड कोठेतरी केसभर सरकलेला दिसतो; स्क्रीनमध्ये सगळे एकसारखे. कापड उलटून पाहा, स्क्रीनची पाठ बहुधा फिकी असते.

नागपूर-कामठीच्या मोमीन विणकरांचे हातमाग आपण डोळ्यांदेखत थंड होताना पाहिले. त्यांच्या नऊवारीची जागा मिलच्या व पॉवरलूमच्या लुगड्याने घेतली, आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला फरक सांगितला नाही. त्यात आम्हीही होतो. बाडमेरच्या कारागिराची सरहद्द सरकारांनी बंद केली. त्याचे उरलेले गिऱ्हाईक निदान आपण तोडू नये.

आमची विनंती एवढीच, की बिलावर दोन शब्द लिहावेत: ‘हातठसा’ किंवा ‘स्क्रीन’. आम्ही लिहू लागलो आहोत. सुरुवातीला विक्री थोडी घटली, पण ज्यांना खरा माल हवा ते पुन्हा येऊ लागले. बरकत अशाच तिजारतीत असते.