रजनी गेली, पावती जपा

१९८५ साली दूरदर्शनवर प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’ आली. गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत साऱ्यांना तिने जाब विचारला. टॅक्सीवाले तर चिडून निषेधाला उतरले! आता उरली ‘जागो ग्राहक जागो’ची सरकारी जाहिरात. दुकानापर्यंत कॅमेरा न्यायला पैसे पडतात, स्टुडिओतले भांडण स्वस्त. शिवाय ज्याची जाहिरात घ्यायची, त्याची लबाडी वाहिनी कशाला दाखवील?

इकडे आमच्या रत्नागिरी हापूसच्या नावाने कर्नाटकी आंबा खपतो, उमऱ्याचे पैसे घेऊन टूरवाले गायब होतात. मापात मारणाऱ्यांसाठी कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन आहे. पण म्हणून दुनियेतली तक्रार का सोडायची? आम्ही सांगतो, पावती जपा, १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोग रत्नागिरीतच आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही.